टॉवेलाखालचा भाव

माघातला एक शनिवार, कल्याणचा गुरांचा बाजार. अपेक्षित रक्कम सत्तर हजार. हजर: खडवलीचे माझे काका, त्यांचा मुलगा, दलाल, बैल बघायला आलेला मुरबाडकडचा तरुण शेतकरी, आणि हिशेब लिहायला डोंबिवलीहून आलेलो मी.

चुलतभावाला नांगरणीसाठी पॉवर टिलर घ्यायचा होता. दुकानात सत्तर हजार आगाऊ भरायचे, आणि तेवढ्यासाठी बैलजोडी विकायची, हे घरात ठरलेलं. काकांची अट एकच होती: जोडी फोडायची नाही.

सकाळीच एका व्यापाऱ्याने एकट्या तरण्या बैलाचे पन्नास सांगितले होते.

"थोराचे वीस कुठेही येतील, बाबा. झाले की सत्तर!" चुलतभाऊ म्हणाला. काकांनी व्यापाऱ्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

मग हा तरुण आला. त्याला जोडीच हवी होती. दलालाने टॉवेल पसरला, तेव्हा काका म्हणाले, "तू थांब. हात मी घालतो."

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. आधी दहा हजारांची बोटं, मग वरच्या हजारांची. जुन्या काळी अरबी समुद्रावरच्या बंदरांत मोत्यांचे सौदेही असेच होत, असं मी वाचलेलं. कल्याणही तेव्हा बंदरच. एकमेकांची भाषा येत नसली तरी अडायचं नाही, आणि शेजारच्या व्यापाऱ्याला भाव कळायचा नाही. मला मात्र ही लपवाछपवी कधी पटली नव्हती.

टॉवेल बराच वेळ हलत होता. तरुणाचा चेहरा उतरत गेला.

"दोघांना एकत्रच जुंपशील ना?" काकांनी विचारलं.

"एकच नेला तर दुसऱ्या बाजूला मी जुंपून घेऊ काय, काका?"

काका हसले. टॉवेल पुन्हा हलला आणि थांबला.

"सौदा झाला," दलाल म्हणाला.

"किती?" चुलतभावाने विचारलं.

"तुला सत्तर मिळतील," काका म्हणाले. "जा, बैल टेम्पोत चढव."

तो गेल्यावर मी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. एकसष्ट हजार. काकांनी बंडीच्या आतल्या खिशातून दहा हजार काढले. भात विकून आलेले, सकाळीच बरोबर घेतलेले. त्यातले नऊ माझ्या गड्डीवर ठेवले.

"काका, वहीत काय लिहू?"

"खरं तेच लिही. वही तुझ्याकडे ठेव."

"आणि त्याला सांगायचं नाही?"

"इथं नको. तो भावावरून अडून बसेल. त्या मुरबाडच्या पोराकडे तेवढेच होते रे. चार माणसांत ते कशाला त्याच्या तोंडून वदवायचं?"

हे काकांनी चुलतभावाला पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून लिहितो आहे. अखेर दिलेले पैसे असे: टिलरच्या दुकानाला सत्तर हजार, त्यात एकसष्ट बैलांचे आणि नऊ भाताचे. दलालाला पाचशे. उरलेले पाचशे काकांनी टेम्पोवाल्याला दिले, बैलांना मुरबाडपर्यंत सावकाश ने म्हणून.