कारणाचा रकाना

सर्व्हे करणाऱ्याच्या घरात रद्दी आणि किस्से, दोन्ही साठत जातात. रद्दी निदान विकता तरी येते!

नव्वदीच्या अखेरीस आम्ही कॉलेजातल्या देसाई सरांच्या हाताखाली एकच प्रश्न घेऊन फिरायचो: लोक जाणूनबुजून धोका का पत्करतात? सर म्हणायचे, "माणूस वेडा नसतो रे! त्याच्याकडं त्याचं कारण असतं. ते लिहा, उपदेश करू नका!" मी मूळचा भित्रा. दुसऱ्याचा धोका बघूनही मीच घाबरायचो.

*

हुपरीत एका घरी पैंजणं उजळायचं काम चालायचं. ॲसिड लोणच्याच्या बरणीत, बरणी जमिनीवर आणि शेजारी रांगती नात!

"मावशी, बरणी वर का ठेवत नाही?"

"वर ठिवली आन् काढताना निसटली तर? माझ्या डोक्यावर सांडंल की!"

कारण बिनतोड. मी नातीला कडेवर घेतलं आणि बाकीचे प्रश्न तसेच उरकले.

*

पन्हाळ्याला एक म्हातारबा तटाच्या कडेला पाय सोडून तंबाखू मळत बसलेले. मी लांबूनच ओरडलो, "आजोबा, पडाल!"

"तीस वर्सं बसतोय, पावणं. भ्या कुणाला वाटतंय? मला का तुमाला?"

"मला!"

"मग तुमी सरका की मागं!"

सरकलो.

*

पन्हाळा उतरताना सर स्कूटर भरधाव हाणत होते. मी मागं डोळे मिटून.

"सर, हेल्मेट?"

"त्यानं केस जातात!"

जायला उरले होते कुठं! मी म्हटलं, "हे कारण लिहू का?"

"उतर खाली!"

खरंच उतरवलं हो! त्या दिवसापासून सरांपुढं तोंड उघडायचं मी सोडलं.

*

कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मारुतीदादा पत्रा कापायच्या प्रेसवर होते. दोन बटणं दोन हातांनी दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे बोटं आत राहत नाहीत. यांनी एक बटण रबरानं कायमचं बांधून टाकलेलं!

सरांनी विचारलं, "का हो, दादा?"

"दोनी हात गुतलं तर पत्रा कोण धरणार? तुमी?"

सर खूश. "वा! लिही!"

मला घाम फुटला. 'ते रबर काढा' असं अगदी ओठांवर आलं. सरांकडं बघितलं आणि गिळलं.

पंधरा दिवसांनी उरलेले प्रश्न घेऊन गेलो. प्रेसवर दुसराच माणूस. मारुतीदादा गेटजवळ बसलेले, उजव्या हाताला बँडेज. दोन बोटं गेली होती.

"पावणं, त्या दिशी रबर बघून तुमी घाबरलासा. मी बघितलं. मग बोलला का न्हाईसा?"

सर शेजारीच उभे होते. तरी बोललो, "सरांना भ्यालो, दादा."

मारुतीदादांनी बँडेजचा हात मांडीवर घेतला.

"पत्र्याचं म्या उगाच सांगितलं. दोनी बटणं दाबत बसलं की नग कमी भरत्यात, आन् मग सायब कामावरनं काढतोय. मीबी सायबालाच भ्यालतो की!"