दमणीच्या मागून

जमुनाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिच्या माहेरी पिंपळखुट्यात कुणीही सांगितलं असतं. शेतात धाडलेली पोर शेतातच असेल याची खात्री नसे. ती पार पूर्णा नदीपर्यंत भटकून, ओटीत बोरं आणि लुगड्याला कुसळं घेऊन दिवेलागणीला परतायची. माय पार्वताबाई चिडायची, पण त्या चिडण्यात दम नसायचा. पोरीला ही खोड कुणाकडून आली ते तिला पक्कं ठाऊक होतं.

लग्न होऊन जमुना नदीपलीकडे, दर्यापूरकडच्या एका गावी आली. सासर भलं होतं. काळी कसदार जमीन, भरलेली दावण, नवरा खुशालराव कामाला वाघ. तरी होळी जवळ आली की तिला घर खायला उठायचं. कापूस वेचून झालेला, जवारी खळ्यात आलेली, आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधांवर पळस असा फुललेला की जात्याचा खुंटा धरलेला हात थांबून जायचा. सासू म्हणायची, सून दारातच जास्त दिसते. मग एक दिवस भाऊ चंद्रभान न्यायला यायचा आणि बहीणभाऊ पहाटेच निघायचे.

ती वाट म्हणजे जमुनेचं वर्षभराचं सुख. पांदणीतली धूळ सकाळी गार असते, पिठासारखी मऊ. तीत अनवाणी चालावं, मागं वळून आपलीच पावलं बघावीत. बाभळीत होले घुमत असायचे. मध्येच पायाजवळून तित्तर फडफडत उठायचा. गव्हाचा वास, निंबाची तांबूस पालवी, नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या. वाडीवाला एखादं फोडून हातावर ठेवायचा. गुडघाभर पाण्यातून लुगडं सावरत पलीकडे गेलं की दरडीवर एक चिंच होती. त्या चिंचेखाली माय उभी असायची.

तिथून चंद्रभान पुढं आणि मायलेकी मागं. घरी पोचल्यावर बोलणं व्हायचं नाही. भावजय, शेजारणी, पोरंबाळं, सगळ्यांचे कान तिथंच. जे बोलायचं ते या वाटेवर. "जमुने, खरं सांग, सुखी हायेस ना?" माय दरसाल विचारायची आणि जमुना दरसाल खरं सांगायची. एका वर्षी तिचं पोटातलं पोर गेलं होतं. त्याचं रडणं तिने सासरी गिळलं होतं, ते या वाटेवर बाहेर पडलं.

मग तिकडे दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात चांदी बरसली. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. खामगाव-अमरावतीचे दलाल गाड्या बाजारात शिरण्याआधीच अडवू लागले. डोकी फिरायला एवढं पुरे होतं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी पोराच्या बारशाला गावजेवण घातलं. खुशालरावांनी दमणी घेतली. रंगवलेली चाकं, घुंगरमाळा घातलेले बैल, वर छत आणि चहूबाजूंनी लाल पडदे. शिवाय बायकोला चांदीचे तोडे. सोनाराने घरी येऊन ते तिच्या पायातच आवळून बसवले. गावच्या बाया आल्या, तोंडात बोटं घालून गेल्या. त्या गेल्यावर जमुना उठून परसात निघाली, आणि चालायला पाय उचलावे लागतात हे तिला जन्मात पहिल्यांदा कळलं.

त्या वर्षी चंद्रभान कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला अडकला होता. "गावातल्या बाया तिकडं चालल्या. त्याहीच्या संग जाते मी पायी," जमुना म्हणाली.

"पायी?" खुशालराव जेवता जेवता थांबले. "मंग दमणी कायले घेतली मी? देशमुखाच्या बाया पडद्यात जातात, अन् माही बायको धुळीत चालीन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईचं जाऊ द्या. मले चालाले आवडते."

खुशालरावांना खरोखर नवल वाटलं. चालणं ही आवडायची गोष्ट असते, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "तुहे पाय दुखू नये म्हनून तं घेतली," ते म्हणाले.

यात लबाडी नव्हती, आणि तीच मोठी पंचाईत होती. वाईट माणसाशी कडकडून भांडता तरी येतं. जमुनेने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. बाजारच्या एका माणसाबरोबर माहेरी निरोप गेला: जमुना येते. कशात बसून येते, ते सांगायचं कुणाला सुचलं नाही.

पडद्याआड तिचा जीव घुसमटला. पळस कुठला आणि पडदा कुठला, काही कळेना. जरा फट करून बघावं तर गाडीवान जानराव ओरडायचा, "मालकीनबाई, पडदा! मालकानं सांगतलं हाय." घुंगरांच्या आवाजात होले ऐकू येईनात. नदी आली तीही नुसती चाकांखाली खळखळली. दरडीच्या चढावर जानराव कुणावर तरी खेकसला, "हटा! बाजूले हटा!" उकाड्याने गुंगी आलेल्या जमुनेने ते ऐकलं आणि कूस बदलली.

माहेरी पोचली तर माय घरात नाही.

"त्या तं सकाळीच चिंचेखाली गेल्या, तुमाले आनाले," भावजय म्हणाली. "भेटल्या नाई?"

जमुना पाणीसुद्धा न पिता उलटी फिरली. ऊन तापलं होतं. धावायला जावं तर तोडे घोट्यांवर आदळायचे. कातडं सोलून निघालं. तिला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं, रागाचं होतं.

माय चिंचेखाली बसली होती. पदरात हरभऱ्याचे घाटे बांधलेले, केसांवर धूळ, नजर नदीपलीकडच्या वाटेवर. मागून लेक आलेली बघून ती दचकली. "अवं, तू इकडून कुठून?"

"मी दमणीत होती, माय."

"त्या लाल पडद्याच्या?" मायला उमगायला वेळ लागला. "अवं बाई! मी तं मान खाली घालून बाजूले झाली. मोठ्या घरची बाई असन, म्हनलं नजर कायले लावाव." ती हसायला लागली. हसता हसता तिचं लेकीच्या पायांकडे लक्ष गेलं. "रगत निघून राहिलं, पोरी."

दोघी हळूहळू घराकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत मायने नेहमीचं विचारलं.

"समदं हाय, माय. माणूस बी चांगला हाय. पन मले पायी जाऊ देत नाई."

दुसऱ्या दिवशी मायने गावच्या सोनाराला बोलावून तोडे उकलून घेतले.

पाडवा झाल्यावर जानराव दमणी घेऊन आला. जमुनेने तोडे फडक्यात बांधून गादीवर ठेवले आणि पडदे ओढून घेतले. "हो पुढं. मी मांगून येते."

"मालक मले काय म्हनतीन?"

"म्हनाचं ते मलेच म्हनतीन."

रिकामी दमणी डौलात निघाली. वाटेत बाया डोईवरचा पदर सावरत बाजूला झाल्या, गावच्या पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मागून धुळीने माखलेली जमुना आली, तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तिला हसू आवरेना. निंबाला मोहर आला होता, त्याचा वास वाटभर सोबत चालला. नदीचं पाणी घोट्यांना झोंबलं तरी ती उगाच जास्त वेळ पाण्यात उभी राहिली.

ऊन उतरताना गाव दिसलं. शिवेवर निंबाखाली कुणीतरी वाटेकडे डोळे लावून उभं होतं. जवळ गेल्यावर ओळखलं. खुशालराव होते, हातात ते फडकं. दमणी पोचल्यापासून ते तिथंच उभे होते.

जमुना भांडायच्या तयारीनेच आली होती. ते मात्र तिच्या घोट्यांवरच्या खपल्यांकडे बघत राहिले. "सांगतलं कावून नाई मले?"

"सांगतलं होतं. चालाले आवडते म्हनून." मग जे सांगायचं नाही असं तिने वाटभर ठरवलं होतं तेच तोंडून गेलं. "माही माय मले आनाले चिंचेखाली उभी होती. तुमची दमणी आली तं मान खाली घालून बाजूले झाली. जानराव तिच्यावरच ओरडला, 'बाजूले हटा' म्हनून. मी अंदरच होती."

खुशालरावांचं तोंड उतरलं. या गोष्टीवर ते पुढं कधी बोलले नाहीत. तो स्वभावच नव्हता.

पुढच्या होळीला चिंचेखालून पार्वताबाईला पलीकडून दोन माणसं नदीत उतरताना दिसली. बाई झपझप पुढं. मागं बाप्या, नवे जोडे हातात धरून, दगडागोट्यांवर धडपडत, कुरकुरत. वर आल्यावर खुशालरावांनी सासूला वाकून नमस्कार केला, फोड आलेल्या पायात कसेबसे जोडे चढवले, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते लंगडत लंगडत बरेच पुढं निघून गेले.

मायलेकी मागं राहिल्या.