पिंपळाची कात्री

शकूरचाचांचं नाव आधी लिहिते. वसमतची ऊसतोड संपवून आमची आदिवासींची टोळी सातपुड्याकडं परतत होती. हिंगोलीजवळ मी तापानं पडले. टोळी थांबली नाही. रस्त्याकडेला चाचांची नर्सरी. त्यांनी मागची खोली दिली. चाचीनं पेज पाजली. पुढं चाचांनी कलम बांधायला शिकवलं. चौथीत शाळा सुटलेली मी, मला रोपांच्या पाट्या लिहायला लावल्या. आणि गावातल्या एका बागायतदार साहेबांकडं माझ्यासाठी शब्द टाकला, "पोरगी इमानदार हाय. झाडं बराबर सांभाळंल."

साहेबांच्या गच्चीवर बोनसायच्या साठेक कुंड्या. हातभर वड, वीतभर चिंच. बाकी सगळ्यांची मुळं साहेब स्वतः छाटायचे. पिंपळाची कात्री मात्र माझ्याकडं. दोन वर्षं मला वाटलं, भरवसा आहे. चाचीला फुशारकीनं सांगितलंही, "पिंपळाला माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाई."

त्या दिवशी पुण्याचे पाहुणे झाडं बघायला आले. पिंपळ कुंडीतून काढून ठेवला होता. एका बाईंनी विचारलं, "अहो, पिंपळ कापता? पाप नाही लागत?"

साहेब हसले. "मी कुठं कापतो? त्यासाठी हिला ठेवलीय. लागलं तर हिला लागेल. हिच्या लोकांना कसलं आलंय पाप-पुण्य!"

सगळे हसले. त्या बाईही.

"काप गं. बघू दे यांना."

माझी माय फांदी तोडायच्या आधी झाडाला हात लावून कपाळाला लावायची. हे मला इथं कोण विचारणार? चाचांनी टाकलेला शब्द माझ्या मानगुटीवर. तरी कात्री उलटी धरली. मूठ साहेबांकडं केली.

"झाड तुमचं, साहेब. पापबी तुमचंच. घ्या, कापा."

हसणं थांबलं. साहेबांनी हात पाठीमागं नेला. तार गुंडाळून साठ झाडं वाकवणारा माणूस. बोटभर मुळाला भ्याला. असल्यासमोर मी दोन वर्षं मान खाली घालून उभी राहिले. शिसारी आली. त्याची आणि माझीही.

"चल, निघ. शकूरकडं बघतोच."

कात्री फरशीवर ठेवली. निघाले.

नर्सरीत पोचले तोवर फोन येऊन गेला होता. चाचा पिशव्यांत माती भरत होते.

"माफी मागाया पाठव म्हन्ला."

"मग तुमी?"

"म्या म्हन्लो, न्हाई येत ती." मान वर न करताच म्हणाले, "उभी काहून राहिली? पानी मार रोपायला."

साहेबांच्या ओळखीची सगळी गिऱ्हाइकं तुटली. चाचा रोपं डोक्यावर घेऊन बाजारात बसायला लागले.

ज्याला आपलं पाप दुसऱ्याच्या हातानं उरकायचंय, त्याला हा हात मिळणार नाही. साहेब असो की त्याचा बाप. आणि चाचा, तुमचे गुडघे गेलेत, ते मला दिसतंय. तुटली त्याच्या दुप्पट गिऱ्हाइकं तुमच्या दारात आणून उभी करीन. तुमचं फेडीन. आज नाही. पण फेडीनच.