मिलिंदच्या गाडीची सीट

सुमनताई, गुडघा कसा आहे? जोशीकाका, खोकला थांबला का? शकू, साखर आटोक्यात आहे ना?

माझा मिलिंद आम्हाला सोडून गेला, तेव्हा त्याची गाडी बेंगळुरूलाच राहिली. ती इकडे पुण्यात विश्रांतवाडीला आणायला तिघांकडून भाव घेतले. दोघे ट्रकवर चढवून आणणार होते. तिसरा फारच स्वस्त.

सून म्हणाली, "आई, एवढं स्वस्त का, ते विचारा तरी."

माझी अक्कल शेण खायला गेली होती. भाजीसारखी घासाघीस केली आणि होकार दिला.

आज सकाळी गाडी दारात आली, ट्रकशिवाय.

"अहो, ट्रक कुठंय?"

"एवढ्या पैशात ट्रक? चालवत आणली, आजी."

सुनेने दार उघडलं. उंच मिलिंदने त्याच्या मापाने मागे सरकवलेली सीट ड्रायव्हरने पुढे ओढून घेतली होती. तिला तेवढी एकच गोष्ट जशीच्या तशी हवी होती. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

भाव विचाराल तेव्हा गाडी कशी आणणार, तेही विचारा.

सुमनताई, तो गाडी घेऊन इथे यायचा तेव्हा तुम्ही त्याच्या मागच्या सीटवर बसून गुडघा अडकतो म्हणून ओरडायचात. किती जागा उरायची हो? चार बोटं? वीतभर? आठवून लवकर लिहा.