न कापलेला ब्रॅकेट

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीवाल्याने मला फसवलं आणि त्याचा माल जपानमध्ये विकणाऱ्या मी कावासाकी शहरातल्या एका म्हाताऱ्या तपासनिसाला फसवलं.

फाउंड्रीत यंत्राचे ब्रॅकेट ओततात तेव्हा त्याच लोखंडातून शेजारी एक दांडी ओततात. ब्रॅकेट विकायचे असतात, म्हणून चाचणीसाठी दांडी मशीनमध्ये धरून तुटेपर्यंत ओढायची. दांडी चांगली तर माल चांगला. दोन्ही एकाच ओतातले आहेत, या विश्वासावर सगळं चालतं.

कावासाकीत पेटी मीच उघडली. दांड्यांवरचा ओताचा आधीचा नंबर ग्राइंडरने घासून नवा मारला होता. लेथवर हेल्परी करत वर आलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पण जपानमधली ही माझी पहिली मोठी ऑर्डर. चाचणीच्या मापासाठी दांड्यांचं टर्निंग, म्हणजे लेथवर वरचा थर सोलणं, करायचंच होतं. ते करून घेतलं, त्यात नंबरही गेला आणि घासल्याची खूणही.

तपासनिसांनी तीन दांड्या तोडल्या. दर वेळी दोन तुकडे जुळवून, दांडी किती ताणली गेली ते मोजलं. आकडे उत्तम. मग एक ब्रॅकेट उचलून त्यावर अंगठा फिरवत ते म्हणाले, "यातला एक कापून बघू का? फक्त माझ्या समाधानासाठी."

मी उसळलो. "जर्मनीचा माल असता तर कापला असता? भारतीय म्हटलं की लगेच संशय!"

हा टोला मी सौद्यात ठेवणीतला वापरतो. पुष्कळदा तो खराही असतो, म्हणून लागतो. म्हातारा कानापर्यंत लाल झाला. "माफ करा, तसं मनात नव्हतं," म्हणत वाकला आणि रिपोर्टवर स्वतःच्या नावाचा शिक्का उमटवला.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बोल्ट आवळताना ब्रॅकेट तडकले. नशीब, कुणाला लागलं नाही. मीटिंगमध्ये तपासनीस वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. "न कापण्याचा निर्णय माझा होता," एवढंच बोलले. मी शेजारी उभा होतो. माझ्या आरडाओरड्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मीही नाही. निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना त्यांना प्रयोगशाळेतून काढून पार्सल खात्यात बसवलं.

फाउंड्रीवाल्याला फोनवर शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, पेटी तुम्हीच उघडली न्हवं? तवा दिसलं न्हाई व्हय?"

दिसलं होतं. तसं मी तपासनिसांच्या कंपनीला आता सहीनिशी लिहून दिलं आहे. ते म्हातारबुवांना पुन्हा प्रयोगशाळेत घेतील की नाही, माहीत नाही. मी खूण पुसली, कबूल. पण नंबर मी बदलला नव्हता. तेव्हा फाउंड्रीवाले, कावासाकीला या, त्या माणसासमोर उभे राहा आणि सांगा: त्या दांड्या कुठल्या ओतातल्या होत्या?