उलट्या बाणाचं पुस्तक

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — बायकोलेही नाही. तुमाले काहून सांगून राह्यलो, ते मलेच ठाऊक नाही.

आमच्या कामरगावात एक रीत हाय. इंजिनिअरिंग झालेल्यानं आपली पुस्तकं मागून येणाऱ्याले द्यायची — विहारात, सगळ्यांसमोर, पहिल्या पानावर एक ओळ लिहून. मायक्रोवेव्हचा — रेडिओ लहरींचा — विषय घेणारा पहिला मी. माह्या मागं एका वर्षानं सुजाता, माही चुलत बहीण. हुशार. भल्ली हुशार — अन् इथंच माह्या पोटात दुखलं.

"दादा, कोणतं पुस्तक वाचू?" साधा प्रश्न. पण मले वाटलं, ही पुस्तक विचारून राह्यली का माही जागा? नोकरी मलेही नव्हती. अँटेना बनवणाऱ्या एकाच कंपनीवर दोघांचा डोळा होता.

माह्याजवळ दोन पुस्तकं होती. एक जाड — तारेतून लाट जाते कशी, परत येते कशी, तिथून सुरू करून एकेक गणित सोडवत नेणारं. दुसरं पातळ, परीक्षेपुरतं. त्यात स्मिथ चार्टच्या — त्या गोल आलेखाच्या — पानावर बाणच उलटा छापलेला. जनरेटरकडं, म्हंजे लाट जिथून निघते तिकडं, जाताना घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. हे पुस्तक उलटं फिरवे. तोंडी परीक्षेत त्याच पानानं माही फजिती झाली होती. म्हणजे मले माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

मी पातळ पुस्तक दिलं, जाड घरीच ठेवलं. वर लिहिलं — 'विश्वासानं वाच.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या कंपनीच्या मुलाखतीत तिले तेच विचारलं. तिनं ठामपणे उलटं सांगितलं. नोकरी मले लागली. "माहंच डोकं फिरलं, दादा," म्हणे. अन् मी काय केलं? तिची समजूत काढली! थू माह्या जिंदगीवर.

आता ती कारंजा गावात दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. भेटली की चहा पाजते, हसते. त्या हसण्यात काय हाय, ते मी हुडकत राह्यतो. तिले कळलं असन का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मागच्या महिन्यात तिची भाची इंजिनिअरिंगले लागली. विहारात सुजातानं तेच पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "दादानं निवडलेलं हाय. डोळे झाकून वाच." मग माह्याकडं पाह्यलं — जरा जास्तच वेळ. सहज? का मुद्दाम?

जाड पुस्तक माह्या कपाटात होतं. घर चार पावलांवर. पोरगी पुस्तक छातीशी धरून उभी होती.

मी म्हणालो, "चांगलं पुस्तक हाय."