राणीवाल्या बाई

राणीवाल्या बाई विलायतेच्या राण्यांबद्दल असं बोलायच्या, जणू शेजारच्याच बायका. "तिचं नि सासूचं कधी पटलंच नाही हो," म्हणायच्या. मी विचारायची, कुणाचं? तर ती राणी मरून शेकडो वर्षं झालेली! बाई पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायच्या. रिटायर झाल्यावर इथं सिंगापूरला लेकीकडं आल्या. लेक इथल्या नोव्हेना भागातल्या दवाखान्यात डॉक्टर, नि घर क्वीन्सटाउनला, आमच्याच ब्लॉकमध्ये.

मी चौथी शिकलेली. मालक लवकर गेले. लोकांच्या पोळ्या लाटून पोराला इंजिनियर केलं. रडायला तेव्हा वेळ नव्हता, नि आता रडून काय उपयोग? पोरानं इथं आणलं ते ईराला सांभाळायला. नातीला न्हाऊमाखू घातलं, घास भरवले, सगळं मी. नि मोठी झाली तशी पोरगी शाळेतून आली की दप्तर माझ्याकडं टाकून खाली बाकावर पळायची, बाईंकडं. मला जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

माझ्याशी बोलणं म्हणजे "भूक नाही" नि "नंतर, आजी." बाईंशी मात्र तोंडाला खळ नाही. एकदा म्हटलं, "ये की, मी पण गोष्ट सांगते."

"ती कावळ्याची ना? बोअरिंग लाह, आजी!" इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली.

बाई पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, स्ट्रॉनं ओढत सांगायच्या, "राजाचं विचारलं की लढाया कळतात. बाईचं विचारलं की घर कसं चाललं ते कळतं." मी मुद्दाम गरम थालीपीठ घेऊन खाली जायची, पोरगी माझ्याकडं वळेल म्हणून. निम्मं बाईच खायच्या. वर म्हणायच्या, "ईराच्या आजी, तुमच्या हाताला चव आहे हो." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एक दिवस म्हणाल्या, दुसऱ्या मुलखातनं लग्न करून आणलेल्या एका राणीचं नावच तिकडच्यांनी बदलून टाकलं. ईरा चिडली. "तिला कुणी विचारलंच नाही?"

"इतकं लांब कशाला जातेस?" बाई हसल्या. "घरी आजीला विचार."

मी शेजारी मटार सोलत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढं बाईंची बहीण आजारी पडली, नि त्या पुण्याला कायमच्या परत गेल्या. ईरा दोन दिवस धड जेवली नाही. मी मनात म्हटलं, रडू दे, आता पोरगी माझी. पण ती आपली खोलीत दार लावून.

मग एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर आली नि ओट्याला टेकून उभी राहिली. "आजी, तुझं नाव बदललं होतं?"

"बदललं की. सासूनं ठरवलं. ताटात तांदूळ पसरले नि मालकांनी अंगठीनं त्यात 'सुमन' लिहिलं. झालं."

"आधी काय होतं?"

"तुळसा. आई गेल्यावर कुणी त्या नावानं हाक मारली नाही."

मग पोरगी हलेचना. तुला राग आला? रडलीस? नवीन नावानं हाक मारली की कळायचं का? मी म्हटलं, नाही कळायचं, नि उशीर झाला की बोलणी खायची. ती मला चिकटून ऐकत होती. इतकं सुख मला ह्या देशात आल्यापासून नव्हतं.

नि मग धावली ती थेट फोनकडं, बाईंना सांगायला! "प्रोफेसर आजी, माझ्या आजीचं खरं नाव तुळसा आहे!"

 नाव माझं, नात माझी, नि बातमी पहिली तिकडं.

ईरानं फोन माझ्यापुढं धरला. पलीकडं बाई चष्मा सारखा करून बघत होत्या. वाळल्या होत्या. वाटलं, आता एखादी राणी काढतील. नाही काढली.

"तुळसा," त्या म्हणाल्या, "अगं, जेवलीस का?"

जिचा एवढा हेवा केला, तिच्याच तोंडून माझं नाव. माझे हात कणकेत तसेच राहिले. मी ओ दिली.